वळवलं लई, वळली नाही

"तुमी तर लई वळिवलं मालक, पर गाडी काय वळली न्हाई."

रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलेला म्हातारा हातातला खराटा न थांबवता एवढंच बोलला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पावसाचं पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं हे सांगावं, तसं त्यानं सांगितलं. माझी एक चप्पल गाडीतच राहिली होती. दुसऱ्या पायाखाली सोयाबीनचे दाणे टोचत होते. मागं पराटीच्या चार ओळी आडव्या करून एक लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली स्पोर्ट्स कार उभी होती. इंजिन बंद झालं होतं तरी बॉनेटखालचा पंखा फिरत होता. जळलेल्या रबराचा वास, चिरडलेल्या कपाशीच्या पानांचा हिरवट वास आणि ऊन लागलेल्या सोयाबीनचा तो कच्च्या तेलासारखा वास, हे तिन्ही एकत्र अजूनही मला कधी कधी वाळूजच्या रस्त्यावर, सिग्नलला उभं असताना येतात. तिथं त्यातलं काहीही नसतं.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीतली. भाऊबीज उरकून मी गावी थांबलो होतो आणि माझा वर्गमित्र पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी, दुसऱ्या हातातली. बीड जिल्ह्यातल्या केजवरून आमच्या फाट्यापर्यंत ती दिमाखात आली आणि ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकावर तिचं सगळं वैभव अडकलं. चार पोरं खाली वाकून 'अजून थोडं, अजून थोडं' करत होती आणि हा शहाणा गाडी तिरकी लावून एकेक चाक चढवत होता. संध्याकाळी त्यानं माझ्या हातात किल्ली ठेवली. "चालव की. भितो काय?" मी रोज दहा वर्षं जुनी डिझेल गाडी चालवणारा माणूस. वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रातून निघालेल्या भागांची मापं घेतो. माझा दिवस मायक्रॉनमध्ये जातो. भितो असं कसं म्हणणार?

फाट्यापासून गावाकडं दोनेक किलोमीटर रस्ता नाकासमोर सरळ आहे. दोन्ही बाजूंना तूर आणि पराटी. मग नाल्यावरचा पूल आणि पूल संपता संपता उजवीकडं वळण. लहानपणापासून हजार वेळा गेलेलं वळण, सायकलवरून, बैलगाडीतून, एसटीच्या टपावरूनसुद्धा. पुलावर काट्यानं सत्तर दाखवल्याचं मला नक्की आठवतं, कारण मित्र म्हणाला होता, "अरे, ही सत्तरला झोपलेली असते." मी वळायला सुरुवात केली आणि ब्रेकही तेव्हाच दाबला, नको तितका उशिरा. पुढं डाव्या अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं. कडेनं दगड लावलेले, दगडांवर एक तुरीचं काटूक आडवं. स्टेअरिंग आणखी उजवीकडं फिरवलं. ते एकदम हलकं झालं, हातात लोण्यासारखं. गाडी डावीकडंच चालली होती, दाण्यांच्या दिशेनं. मी आणखी फिरवलं. मग चाकांखाली जात्यात घास पडल्यासारखा आवाज झाला, दगड उडाले, आणि पराटीची बोंडं काचेवर थडाथडा आपटली.

लागलं कुणालाच नाही. मित्र उतरला तो थेट म्हाताऱ्यावर गेला. "रस्ता म्हणजे काय खळं आहे का तुमचं? माणूस मेला असता तर?" म्हाताऱ्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मित्राकडं नाही, आणि ते वाक्य बोलला. मी गप्प उभा. खरं सांगायचं तर मित्र चिडला ते मला बरंच वाटलं. दोष कुठंतरी ठेवला गेला होता आणि तो माझ्यावर नव्हता. मी पाचशेच्या दोन नोटा काढून पुढं केल्या. त्यानं एक घेतली, दुसरी परत केली. "धा किलो बी न्हाई गेलं." हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि आडतीवर त्याच्याही खाली चाललं होतं. हिशेब त्यानं चोख केला होता, उलट थोडं जास्तच मिळालं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर आला, दोरखंड आला, पाचपंचवीस सल्लागार आले. रात्री गावात सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली आणि मीही तीच सांगितली: सोयाबीनवरून घसरली.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून केजला जाताना मी त्या वळणावर थांबलो. रस्ता झाडून घेतलेला होता. पण डांबरावर दोन काळे पट्टे उमटले होते, वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाकत गेलेले, डावा ठळक आणि उजवा पुसट. जिथं दगड लावलेले होते ती जागा पांढुरक्या धुळीच्या रेषेनं अजून कळत होती. पट्टे त्याच्या अलीकडं सुरू झाले होते. मी मोजणारा माणूस, मोजलं. आणि मग आठवलं की दाण्यांचा आवाज यायच्या आधी टायर किंचाळले होते. दाण्यांवर टायर किंचाळत नाही. तो कोरड्या, स्वच्छ डांबरावरच किंचाळतो.

पहिल्या दाण्याच्या अकरा पावलं अलीकडंच गाडीनं माझं ऐकणं सोडलं होतं.

याला अंडरस्टीअर म्हणतात हे मला ऐकून माहीत होतं, जसं आपल्याला रक्तदाब ऐकून माहीत असतो. पुढची चाकं वळलेली, गाडी मात्र वळायला तयार नाही, नाक बाहेर पळतंय. याच्या उलट शेपूट बाहेर आली तर ओव्हरस्टीअर. व्याख्या एवढी सोपी आहे की तिच्यातून काहीच कळत नाही. मला कळलं ते नंतर, वाचून थोडं आणि चालवून जास्त. टायर रुळासारखा वळत नाही. वळताना रबर जमिनीला चिकटतं, पीळ खातं आणि चाकाचं तोंड ज्या दिशेला आहे त्याच्यापेक्षा थोड्या वेगळ्या दिशेला गाडी सरकते. हा जो फरकाचा कोन आहे, त्यातूनच वळवणारा जोर मिळतो. कोन थोडा वाढवला की जोर वाढतो. पण रस्त्यावरच्या साध्या टायरला हे काही अंशांपर्यंतच चालतं. त्यापुढं स्टेअरिंग जितकं फिरवाल तितकं रबर पीळ खायचं सोडून नुसतं घासत जातं. स्टेअरिंग हलकं लागतं ते याच वेळी, कारण चाकाला परत सरळ करू पाहणारा जोरच उरलेला नसतो. मला वाटलं होतं, काय मऊ वळतेय! ती वळत नव्हती म्हणून मऊ लागत होती.

आणि वेगाचा हिशेब तर माझ्यासारख्या माणसाला लाज वाटावी असा आहे. त्याच वळणावर पन्नासच्या वेगानं गेलं असतं तर टायरकडून जेवढा जोर मागितला असता, त्याच्या जवळपास दुप्पट सत्तरला मागितला. वेग दीडपट सुद्धा झालेला नाही, मागणी मात्र दुप्पट, कारण इथं वेगाचा वर्ग होतो. कारखान्यात एका ड्रॉइंगवर मी हे पाच सेकंदांत सांगितलं असतं. पुलावर काटा सत्तरवर असताना सुचलं नाही.

मित्राला त्या अपघातानंतर दोन गोष्टींची चटक लागली: गाडीवर पैसे घालण्याची आणि चालवायला शिकण्याची. पहिली आधी लागली, तशी ती सगळ्यांनाच आधी लागते. पुढं फेब्रुवारीत त्यानं कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एका दिवसाची शिकवणी ठरवली आणि मला ओढून नेलं. २.१ किलोमीटरचा छोटासा ट्रॅक आहे तो. सकाळी सातला तिथं सगळीकडं इडलीचा आणि पेट्रोलचा वास होता, हे मिश्रण कल्पनेपेक्षा चांगलं लागतं. माझ्या वाट्याला आलेला शिक्षक पन्नाशीचा, बारीक, तमिळ माणूस. हिंदी तुटकी, मराठी शून्य. बाजूच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसायचा, जणू देवळात आलाय. दुसऱ्याच फेरीत एका लांब वळणावर माझं नाक बाहेर पळायला लागलं. मी काय केलं असेल? फिरवलं. आणखी फिरवलं. तो शांतपणे म्हणाला, "स्टेअरिंग कम, सर. कम. कम!"

कमी करा! समोर ट्रॅकची कड जवळ येतेय, त्यापलीकडं वाळू, आणि हा माणूस सांगतोय की वळवणं कमी करा. माझे हात ऐकेनात. डोक्याला पटलेली गोष्ट मनगटांना पटायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पाहिलं. चौथ्या की पाचव्या फेरीला मी एकदाचं स्टेअरिंग अर्धं सोडलं आणि पाय गॅसवरून हळूच उचलला. क्षणभर काहीच झालं नाही, उलट गाडी आणखी सरळ गेल्यासारखी वाटली. मग खालून, बोटांच्या टोकांना, काहीतरी जड जड परत आलं. नाक आत आलं. हातातून निसटलेला कासरा पुन्हा ताठ व्हावा तसं. मला एवढा आनंद झाला की पुढचं वळण मी विसरलोच आणि त्यानं पहिल्यांदाच मांडीवरचा हात उचलून डॅशबोर्ड धरला.

दुपारी डब्यापाशी त्यानं एका कागदी ताटलीवर पेनानं वर्तुळ काढून समजावलं. मी ते माझ्या भाषेत असं लावून घेतलं: टायरकडं पकडीची भाकरी एकच. त्यातच ब्रेकनं जेवायचं, त्यातच वळणानं, त्यातच गॅसनं. ब्रेकनं पाऊण भाकरी खाल्ली असेल तर वळणाला चतकोरच उरणार, मग तुम्ही स्टेअरिंगला कितीही आग्रह करा. ज्या गाडीची पुढचीच चाकं ओढतात, त्या गाडीत गॅससुद्धा त्याच भाकरीवर येऊन बसतो, म्हणून अशा गाड्या वळणात गॅस दिला की आणखी बाहेर पळतात. मग करायचं काय? ब्रेक सरळ रस्त्यावर, आधी, मनसोक्त. वळायला लागलं की ब्रेक एकदम सोडायचा नाही, हळूहळू सोडत जायचा. जितका पाय वर, तितकं स्टेअरिंग आत. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, नाक दबतं, पुढची पकड वाढते. ते दबलेलं नाक तसंच वळणात न्यायचं. गॅस त्यानंतर, स्टेअरिंग उघडायला लागल्यावर. मी पुलाजवळ केलं होतं ते असं: ब्रेक उशिरा, स्टेअरिंग त्याच क्षणी पूर्ण, आणि घाबरल्यावर आणखी पूर्ण. एका भाकरीवर दोन पंगती बसवल्या होत्या.

परतीच्या प्रवासात मित्र झोपला होता आणि मला माझे वडील, अण्णा, आठवत होते.

मी नववीत असताना आमच्याकडं पहिला ट्रॅक्टर आला. त्याआधी बैल. भाद्रपदात एकदा जोराचा पाऊस होऊन गेला होता आणि खालच्या वावरात मला ट्रॅक्टर धुऱ्याजवळ वळवायचा होता. काळी माती ओली झाली की काय होतं ते मराठवाड्यात सांगायला नको. ती चप्पल ठेवून घेते. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरांना गोल फिरणाऱ्या उभ्या कडा असतात, मातीत रुतून आडवं घसरू न देण्यासाठी. त्या दिवशी त्या कडांच्या मधल्या जागा मातीनं भरून टायर नुसते गुळगुळीत लाटणं झाले होते. मागं वखर, वखराच्या वजनानं तोंड हलकं. मी स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, पुढची चाकं आडवी झाली आणि ट्रॅक्टर सरळ धुऱ्यावरच्या बोरीत शिरला. अण्णा लांबून चालत आले. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. ते पुढच्या चाकाजवळ बसले, काडीनं कडांमधली माती उकरत म्हणाले, "आरं, चाकं वळली म्हून ट्रॅक्टर वळतो का? माती धरती का ते बघ आधी."

मग त्यांनी मला दाखवलं ते तेव्हा मला जादू वाटली. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रस्त्यावर दोन्ही जोडणारी पट्टी लावून ठेवायची, वावरात ती काढायची. वळताना आतल्या बाजूचं एकच पेडल दाबलं की आतलं मागचं चाक थांबतं, बाहेरचं ओढत राहतं आणि अख्खा ट्रॅक्टर त्या थांबलेल्या चाकाभोवती गरकन फिरतो. पुढच्या चाकांना मग फार काही करावंच लागत नाही. आजकालच्या महागड्या गाड्यांत संगणक हेच करतो. वळणात आतल्या चाकाला चिमूटभर ब्रेक लावतो आणि नाक आत ओढतो. माहितीपत्रकात त्याला भलंमोठं नाव असतं. आमच्या गावातला आठवी नापास पोरगाही नुसत्या पायानं ते करतो आणि त्याला नाव देत नाही.

आणि त्याच्याही मागं गेलो तर खळं. मित्र म्हाताऱ्याला 'हे काय खळं आहे का' म्हणाला तेव्हा मला हसू येता येता राहिलं, कारण आमचं खळं कुठं होतं ते मला माहीत आहे: आता तिथं मित्राच्याच चुलत्याचं शेड आहे. शेणानं सारवलेलं, मधोमध तिवड्याचा खांब रोवलेलं, तिवड्याला मळणीसाठी एका ओळीत बांधलेल्या बैलांची पात. लहानपणी मला वाटायचं सगळे बैल सारखेच चालतात. अण्णा तिवड्याजवळ नेहमी म्हातारा, समजूतदार बैल लावायचे. त्यानं जागच्या जागी पावलं टाकायची. कडेच्यानं त्याच्या तिप्पट चालायचं. तरणा बैल आत लावला तर तो कडेच्याइतकंच चालायला बघायचा आणि पात मोडायची. गाडीच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो तो यासाठीच, आतल्याला कमी आणि बाहेरच्याला जास्त फिरू द्यायला. फक्त साध्या डिफरन्शियलची खोड अशी की वळणात आतलं चाक हलकं पडलं आणि तुम्ही गॅस दिला, की तेच चाक जागेवर गरगर फिरतं आणि बाहेरच्या, ज्याला खरी पकड आहे, त्याच्याकडं जोर जातच नाही. स्पोर्ट्स गाड्यांत म्हणून असा डिफरन्शियल घालतात जो आतल्या चाकाला वाटेल तसं उधळू देत नाही. म्हातारा बैल विकत मिळतो, फक्त लाखाच्या वर किंमत असते त्याची.

मित्रानं तोही घेतला. पण त्याआधी झालेली एक गंमत सांगितलीच पाहिजे. अलाइनमेंटवाल्याकडं गाडी लावली तेव्हा त्यानं सगळ्यात आधी हवा तपासली. चारही चाकांत चाळीस! आमच्याच गावाजवळच्या पंक्चरवाल्यानं 'लांब जायचंय ना' म्हणून प्रेमानं ठासून भरली होती. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पुढं तेहतीस लिहिलं होतं. फुगलेला टायर मधोमध टेकतो, कडा अधांतरी. एरवीही एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. त्यातलाही भाग आपण हवेला देऊन टाकलेला. मग त्यानं पुढच्या टायरची बाहेरची कड दाखवली, अंगठ्यानं चोळून. आतली बाजू नवी कोरी, बाहेरची गुळगुळीत. वळणात गाडी कलते आणि चाकही बाहेर कलतं, सगळं ओझं कडेवर. म्हणून चाक मुळातच वरच्या बाजूनं थोडं आत झुकवून ठेवायचं, म्हणजे वळणात ते सपाट टेकतं. याला कॅम्बर म्हणतात. अर्ध्या अंशाचा दोन अंश करायला वरच्या प्लेटा बदलाव्या लागल्या. मागचा अँटीरोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा, जाड केला. ही गोष्ट मला पचायला सगळ्यात अवघड गेली: पुढं पकड हवी, तर मागं का ताठ करायचं? कारण टायरवर ओझं दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच वाढते. दोन बैलांवर सारखं ओझं असलं की जोडी चांगली ओढते, एकावरच लादलं की जोडी म्हणून कमी पडते. वळणात ओझं बाहेरच्या चाकांकडं जातंच. मागचा बार जाड केला की त्यातलं जास्त ओझं मागच्या बाहेरच्या चाकावर जातं आणि पुढच्या जोडीतली असमानता कमी होते. मागची पकड थोडी गमावून पुढची कमवायची. फार केलं तर शेपूट सुटते, हे त्या अलाइनमेंटवाल्यानं तीनदा सांगितलं आणि मित्रानं तीनदा ऐकलं नाही.

मला विचाराल तर त्या सगळ्या खर्चातली निम्मी पकड हवेच्या नळीपाशी फुकट मिळाली होती.

आमच्या शहराचं, छत्रपती संभाजीनगरचं, आणि गाड्यांचं नातं तसं अजबच. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, वाळूजला त्याच्याही आधीपासून बजाज. २०१० मध्ये शहरातल्या लोकांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ती बातमी अजून लोक पाहुण्यांना सांगतात. पण वळण म्हणावं असं वळण शोधायला म्हैसमाळला जावं लागतं किंवा कन्नडच्या घाटात, आणि तिथंही पुढच्या गाडीमागं विसानं चढावं लागतं. बाकी सगळा मुलूख सरळ. सरळ रस्त्यावर कुणीही चांगला चालक असतो.

एक गोष्ट मात्र कळल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. आपण ज्या साध्या गाड्या चालवतो त्या मुळात नाक बाहेर पळेल अशाच बनवलेल्या असतात, मुद्दाम. कारण घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो: पाय उचलतो आणि स्टेअरिंग आणखी फिरवतो. नाक पळणाऱ्या गाडीत पाय उचलण्यानं निदान वेग कमी होतो, वजन पुढं येतं आणि गाडी आपोआप थोडी आत येते. शेपूट पळणाऱ्या गाडीत तेच केलं तर ती गरकन फिरते. म्हणजे कुठंतरी एका खोलीत बसून कुणीतरी ठरवून ठेवलं होतं की मी पुलाजवळ घाबरणार, चुकीचं वागणार, आणि तरीही पराटीत शिरून जिवंत उतरणार. माझी चूक आधीच धरलेली होती. माझ्या धंद्यात याला टॉलरन्स म्हणतात.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं काय झालं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. मांजरा पात्र सोडून वावरांतून वाहिली. सोयाबीन उभ्या उभ्या सडलं, शेंगांना कोंब फुटले. दिवाळीला गावी गेलो तर तो रस्ता मोकळा होता, वाळत घालायला कुणाकडं काही नव्हतंच. पुलाचा कठडा एका बाजूनं वाहून गेलेला. मी माझीच जुनी डिझेल गाडी घेऊन होतो. वळणापाशी दोनच दगड लावलेले दिसले आणि त्यांच्यामधे चार पाट्या होतील एवढ्या शेंगा पसरलेल्या, काळपट, काही बुरशी आलेल्या. सरवा होता तो, काढणीनंतर वावरात राहिलेलं वेचून आणलेलं. म्हातारा कडेला उभा होता, तोच खराटा. मी लांबूनच वेग तोडला आणि शेंगांना वळसा घालायला उजवीकडं घ्यायला लागलो, तसा तो दोन्ही हात वर करून ओरडला.

"वरून घ्या मालक, वरून! चाकाखाली घ्या!"

मी काच खाली केली. त्यानं मला ओळखलं नाही. दुसरी गाडी, अंगावर साधा शर्ट. "मळणीवाला एवढ्याला येत न्हाई," तो म्हणाला. "म्हातारीनं वेचल्यात. दोनचार फेऱ्या मारता का? सकाळपसनं तीनच गाड्या गेल्या." मला तेव्हाच सांगायचं होतं की गेल्या वर्षीचा तो लाल गाडीवाला मीच, आणि तुमच्या दाण्यांचा काही संबंध नव्हता, आधीच सुटली होती ती, अकरा पावलं अलीकडं, मी मोजलंय. तोंडात शब्द तयार होते. पण तो गाडीपुढं जाऊन उलट्या पावलांनी चालायला लागला होता, हातानं दाखवत, डावं चाक इकडं, हां, आता उजवं. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच नुसता सोडला. शेंगा चाकाखाली तटतट फुटायला लागल्या. टोकाला गेलं की स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवायचं, मागं घ्यायचं, पुन्हा यायचं. गाडी प्रत्येक वेळी सांगेल तिथं वळत होती.

पाचव्या फेरीला तो बाजूला झाला, वाकून मूठभर उचललं आणि फुंकून तळहातावर पाहिलं. निम्मे दाणे काळे होते. "बस झालं," म्हणाला. मी इंजिन बंद करून खाली उतरलो आणि दुसरा खराटा कुठं आहे ते विचारलं.